तेल पिणारा बुश

३ मे

जीप आली. दारात उभी आहे आणि मी चहा ठेवता ठेवता उगाचच गॅलरीत जाऊन तिला बघून येते आहे. हिरवा रंग उडालेला, हूडला दोन ठिगळं, डिझेलचा वास. पण चासी सरळ आहे आणि इंजिन दमदार आहे. जनावर घेताना आपण खूर आणि दात बघतो, तशी मी ही बघून घेतली.

दादाचा फोन आला. माझा थोरला भाऊ रामकुंडावर यजमानांच्या पूजा सांगतो. म्हणाला, "मंजू, रिटायर झाल्यावर बायका काशीला जातात. तू जीप घेतलीस!"

"तुझे यजमान बसने येतात रे. माझ्या यजमानांना चार पाय असून त्यांना नाशिकला येता येत नाही."

तो हसला नाही. पण फोनही लवकर ठेवला नाही.

स्वरदाने, म्हणजे दादाच्या मुलीने, ही डायरी आणून दिली. तिचं ऑफिस इथून जवळ म्हणून ती माझ्याकडेच राहते. "आत्या, तू माणसांशी कामापुरतंच बोलतेस. निदान इथे तरी जास्त बोल," म्हणाली. बघू.

आता कामाचं. हरसूलच्या वरच्या पाड्यांवर २८ तारखेला शेळ्यांना आंत्रविषाराची लस द्यायची ठरलं आहे. गेल्या वर्षी भागीबाईच्या शेळ्या सकाळी कोवळ्या गवतावर चरायला गेल्या आणि संध्याकाळी पाय झाडत पडल्या. मी तिथे होते, पण तेव्हा उशीर झालेला होता. जनावरांची डॉक्टर म्हणून सारी नोकरी झाली, पण त्या बाईचा चेहरा काही जात नाही. ती रडली नाही. मेलेल्या शेळीच्या कासेला हात लावून बसली होती. लस पावसाच्या आधी पोचायला हवी. एवढ्यासाठी जीप.

५ मे

जीप किंचाळते.

साधं कुरकुरणं नाही, दाराच्या बिजागरीसारखी सरळ किंकाळी. पंचवटी कारंजावर सिग्नलला थांबले तर भाजीवाल्यांनी माना वळवल्या. वर पहिला गिअर पडेना. टाकला तर दात खाल्ल्यासारखा आवाज.

घरी येऊन तपासलं. आजारी जनावर बोलत नाही, म्हणून ते कधी ओरडतं आणि कधी गप्प होतं ते आधी बघायचं. क्लच सोडलेला, गप्प. क्लच दाबून गाडी गिअरमध्ये धरून ठेवली, की ओरडते. न्यूट्रलमध्ये क्लच नुसता दाबला तर लगेच नाही, दोन श्वासांनंतर हळूहळू ओरडायला लागते. रिव्हर्स तर पडतच नाही. सगळं लिहून ठेवलं.

६ मे

हिरावाडीतल्या चंदरच्या गॅरेजात नेली. चंदर अंगाने आडवा, बोलायला गोड. ऐकून म्हणाला, "ताई, रिलीज बेअरिंग. डोळे झाकून सांगतो."

"डोळे उघडून सांगा. रिलीज बेअरिंग असतं तर क्लचवर पाय ठेवल्याठेवल्या ओरडलं असतं ना?"

चंदरने पाना खाली ठेवला. "हे बरोबर आहे तुमचं. मग एक काम करा, पेठ नाक्यावर आहेर म्हणून टर्नर आहे, त्याला जसंच्या तसं सांगा. तोवर मी गिअरबॉक्स उतरवतो."

७ मे

आहेर भेटला. पत्र्याची लांबट शेड, दोन लेथ, भिंतीवर हत्यारं ओळीने टांगलेली. साठीचा असेल. मी सगळी लक्षणं सांगितली. तो मधे एकदाही बोलला नाही. (पुरुषांत हे दुर्मीळ.) मग म्हणाला, "पायलट."

इंजिनच्या क्रँकच्या शेवटाला एक भोक असतं, त्यात अंगठीएवढा पायलट बुश, म्हणजे धातूचं कडं, किंवा बेअरिंग बसवलेलं असतं. गिअरबॉक्समधून येणाऱ्या शाफ्टचं नाक त्यात टेकतं. क्लच सोडलेला असतो तेव्हा दोघं बरोबर फिरतात, कुणाला काही त्रास नाही. क्लच दाबला की इंजिन फिरतं आणि शाफ्ट थांबतो. तेव्हा त्या बुशाचा कस लागतो. तो आटला, की ओरडतो, आणि शाफ्टला धरून फिरवत राहतो, म्हणून गिअर पडत नाही.

"लय छान सांगितलं तुम्ही, डॉक्टर," तो म्हणाला. "लोकं नुसतं 'आवाज येतो' म्हणत्यात."

एक खटकलं. चंदर, भाजीवाला, रिक्षावाला, सगळं नाशिक मला ताई म्हणतं. हा मात्र 'डॉक्टर' म्हणाला. मी जरा ताठ वागले की काय, कोण जाणे.

९ मे

गिअरबॉक्स खाली आला. बुश आत घट्ट बसून राहिला आहे. चंदरचं ओढून काढायचं हत्यार, पुलर, त्याला धरतच नाही.

तोवर नवीन बघावा म्हणून बाजार फिरले. एका दुकानात सुयांसारखे बारीक रोलर असलेलं बेअरिंग मिळालं. काय देखणं! बोट घालून फिरवलं तर फिरतच राहतं. दुसऱ्या दुकानात बुश होता. दुकानदार म्हणाला, "अस्सल कांस्य, ताई." आहेरांनी मला एक लोहचुंबक दिला होता, तो पर्समधून काढून लावला. टप्पकन चिकटला. आत लोखंड, वर नुसता मुलामा. दुकानदार माझ्याकडे आणि चुंबकाकडे बघत राहिला. मला फार वर्षांनी इतकी मजा आली.

बेअरिंग घेऊन आले. मला तेच पसंत आहे. नवीन काळाचं आहे.

१० मे

आजचं नीट लिहायला हवं.

चंदरच्या गॅरेजात दुपारी मिसळ मागवली होती. बुश काही केल्या निघत नव्हता. तेवढ्यात आहेर स्वतः आले. चंदर माझ्या कानाशी म्हणाला, "हा माणूस शेड सोडून कुठं जात नाही. मी दहादा बोलावलंय, कधी आला नाही." मी म्हटलं, काम अवघड असेल म्हणून आले असतील.

त्यांनी बॅटरीने भोकात बघितलं. मग टेबलाकडे. मग माझ्या ताटलीतला पाव उचलला.

"हा घेऊ?"

"भूक लागली असेल तर दुसरा मागवू की."

"मला नको. तिला द्यायचाय."

त्यांनी पावाचे लचके तोडून बुशाच्या भोकात कोंबले. खिशातून एक सळई काढली, भोकात अगदी बरोबर बसणारी. ती आत घालून हातोडीचे ठोके दिले. परत पाव, परत ठोके. चंदर हसायला लागला. मीही. पाव आत दाबला जाऊन बुशाच्या मागे जाऊन बसत होता, त्याला दुसरीकडे जायला वाटच नव्हती. माझाही पाव संपला, चंदरचाही संपला, शेजारच्या दुकानातून एकाने आपणहून आणून दिला. आणि मग बुश एकदम सरकला आणि आहेरांच्या तळहातावर येऊन पडला. मागोमाग पावाची घट्ट वडी.

सगळं गॅरेज ओरडलं. मी टाळ्या वाजवल्या. भर दुपारी, ग्रीस लागलेल्या हातांनी. आहेर लाजले आणि म्हणाले, "रस्सा नव्हता लावला, नायतर अजून लवकर निघाला असता."

घरी आल्यावर स्वरदाने विचारलं, "आत्या, तू गाणं म्हणते आहेस?" मी म्हटलं, बुश निघाला.

१२ मे

आज आमचं भांडण झालं. भांडण म्हणजे चर्चा, पण मोठ्याने.

मी माझं देखणं बेअरिंग पुढे केलं. आहेर म्हणाले, "बेअरिंग चांगलंय. आपला शाफ्ट चांगला नाय."

"जुनं ते सोनं असं म्हणून मला पटवू नका. घर्षण कमी असेल तेच चांगलं."

"पटवत नाय. नख फिरवा."

शाफ्टच्या नाकावरून नख फिरवलं. खाच लागली. गोल, बारीक, पण नखाला अडेल इतकी. जुना बुश आटून त्याने तिथे खाल्लं होतं. मग मीच मोठ्याने विचार केला: बेअरिंगच्या त्या सुया थेट याच नाकावर फिरणार. त्यांना गुळगुळीत, कडक जागा पाहिजे. खाच असली तर सुया तुटणार, आणि तुटल्या की तो चुरा नाकच खाणार. म्हणजे आज नवीन बेअरिंग आणि सहा महिन्यांनी नवीन शाफ्ट. तोही या जातीच्या जीपला मिळाला तर.

"आणि घाटात मिळणार नाय," ते म्हणाले.

"बुश घातला तर?"

"नाक घासून गोल करतो. थोडं बारीक होईल. तेवढ्याच मापाचा बुश बनवतो. माझ्याकडे तेल पिणारं कांस्य शे... आहे."

ते देवळ्याचे. घाईत बोलले की अहिराणी येते, मग सावरून घेतात. मला ते सावरणं आवडलं नाही. म्हटलं, शे तर शे म्हणा. फार हसले.

तेल पिणारं कांस्य म्हणजे स्पंजासारखं बारीक छिद्रांचं. कोमट तेलात ठेवलं की तेल आत मुरतं, आणि गरम झालं की थोडं थोडं बाहेर सोडतं. आपलं वंगण आपल्याजवळ. वरून ग्रीस लावायचं नाही, छिद्रं बुजतात. मी म्हटलं, "म्हणजे गाईच्या पाठीवर वरून चोपडलेलं नव्हे, तिच्या कातडीतलं तेल." ते म्हणाले, अगदी तेच.

ठरलं. बुश. देखणं बेअरिंग परत केलं. आपलं मत बदलायला मला सहसा वेळ लागतो. आज लागला नाही.

शाफ्ट जुन्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन रिक्षातून गेले होते. रिक्षावाल्याने विचारलं, "ताई, मूर्ती का?"

१५ मे

पेठ नाक्यावर गेले. बुश तयार होता, पण आहेर म्हणाले, केसभर आवळ आहे, पुन्हा करतो, रविवारी या. मी म्हटलं, चंदर घेऊन येईल. तर म्हणाले, "नको, मालकानं बघितलेलं बरं."

जेवायची वेळ होती. त्यांनी डबा उघडला, बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. अर्धी मला दिली. एकटेच राहतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्यात. भाकरी स्वतः थापतात आणि कडेला एकही चीर नव्हती. ज्याचा हात मापाला बसलेला, त्याचा सगळीकडे बसतो.

१८ मे

आवळपणा गेला म्हणे, पण आता तेलात मुरू द्यायला हवा. बुधवारी या. कैरीचं लोणचं जास्त झालं होतं, बरणी नेऊन दिली. वाया गेलं असतं.

जांभळी साडी नेसले होते, बाकीच्यांना इस्त्री नव्हती.

२१ मे

पुन्हा नाही! आता म्हणे बसवल्यावर बुश आतून आवळतो, त्याचा हिशोब पुन्हा बघतो. खरं आहे, आवळतो. पण हे पहिल्या दिवशी माहीत नव्हतं? नजर कमी झाली असावी बिचाऱ्यांची. चष्म्याचं सुचवावं का? माणूस दुखावेल.

लस २६ला येणार. थंड पेटीत ती दोन दिवस राहील, जास्त नाही. मला झोप लागेना झाली आहे. हे सगळं मी झेपण्यापलीकडचं घेतलं का? दादाच्या बोलण्यात होतं तेच खरं असेल तर? रिकामं घर भरायला बाई जीप घेते आणि तिला सेवा म्हणते. आज असं वाटलं, ते लिहून ठेवते.

स्वरदाला आहेरांच्या नजरेबद्दल सांगितलं. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "आत्या, तू जनावरांची डॉक्टर आहेस ते बरंय."

याचा अर्थ विचारला तर खोलीत जाऊन हसत बसली.

२२ मे

चंदरला विचारलं, आहेरांच्या हातून कामं हल्ली बिघडतात का?

"कुणाच्या? आहेरशेठच्या?" त्याने तोंडातला पान मसाला थुंकला. "ताई, तो माणूस एक वस्तू दोनदा करत नाही. तुमचा बुश पहिल्याच दिवशी बसत होता. मी स्वतः माप घेतलंय."

मी तशीच रिक्षा करून पेठ नाक्यावर गेले. अशी चिडले होते की लेथचा आवाजही ऐकू आला नाही.

"पहिला बुश बरोबर होता?"

त्यांनी लेथ बंद केला. "होता."

"आणि तुम्ही मला आठ दिवस फिरवलंत? तिकडे शेळ्या आहेत, आहेर! पाऊस आला आणि गवत फुटलं तर मी तिथं काय सांगू, बुश आवळ होता?"

ते उभ्याउभ्या ओशाळले. कान लाल झाले. "चुकलं, डॉक्टर. शेळ्यांचं माझ्या ध्यानात राहायला पाहिजे होतं." मग फडक्याला हात पुसत, "बुश दिला का काम संपलं असतं."

आता याला काय म्हणावं? काम संपावं म्हणूनच तर देतात ना काम!

मी बाहेर पडले. लोणच्याची बरणी धुऊन पुसून खिडकीत ठेवलेली दिसली. कशाला बघितली, कोण जाणे. सबंध वाटेत तीच डोळ्यांसमोर.

२३ मे

सकाळी उठून गॅरेजात गेले तर आहेर माझ्याआधी हजर. चंदर म्हणाला, "मी शटर उघडायच्या आधीपासून आहेरशेठ बाहेर उभे होते." माझ्याशी बोलले नाहीत, मीही नाही.

बुश तेलातून काढला. मधाच्या रंगाचा, ओला. लाकडाचा ठोकळा ठेवून त्यांनी तो क्रँकच्या भोकात हळूहळू बसवला. शाफ्टचं नाक आत घातलं, काढलं, पुन्हा घातलं. मग बाजूला झाले आणि मला खूण केली. मी हाताने फिरवून बघितलं. ना ढिला, ना घट्ट. लोण्यात बोट फिरावं तसा.

चंदर सवयीने ग्रीसचा डबा घेऊन आला. आम्ही दोघं एकदम ओरडलो, "ग्रीस नको!" आणि मग हसायलाच आलं. तिथेच राग संपला.

संध्याकाळपर्यंत गिअरबॉक्स वर गेला. मी किल्ली फिरवली. क्लच दाबला. पहिला गिअर पडला, नुसता 'टक्' झाला. रिव्हर्स. टक्. क्लच दाबून धरून ठेवला आणि आम्ही तिघं कान देऊन उभे राहिलो. काही नाही. नुसतं इंजिन.

"मग, संपलं का काम?" आहेर म्हणाले. (बाळाजी त्यांचं नाव, आज त्यांच्या बिलावर वाचलं.)

"संपलं," मी म्हटलं. आणि त्यांचा चेहरा बघून, का कोण जाणे, पुढे म्हणाले, "पण घाटात चालते का ते कोण बघणार? २८ला चला बरोबर. बुश गरम होतो का ते तुम्हीच बघायला हवं."

बुश दिसत नाही, गिअरबॉक्सच्या आड आहे, हे घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं.

२८ मे

पहाटे निघालो. मी चालवत होते, बाळाजी शेजारी, मागे लसीची पेटी, बर्फ, सुया, आणि पिण्याच्या पाण्याचा कॅन. गिरणारे सोडलं आणि वाघेऱ्याचा घाट लागला. तिसरा, दुसरा, वळणावर पहिला. एकदाही दात खाल्ले नाहीत. माझ्या हातात गिअरचा दांडा असा येत होता की वाटलं, अजून चार घाट असते तर बरं झालं असतं.

पाड्यावर भिका पोलिस पाटलाने दवंडीच दिली होती. आंब्याच्या झाडाखाली शेळ्याच शेळ्या. काळ्या, पांढऱ्या, एक तर चक्क निळसर. पोरांनी, बायकांनी धरलेल्या, काही कुणीच न धरलेल्या. मी टोचायला सुरुवात केली आणि बाळाजी शेळ्या धरून पुढे आणायला लागले. त्यांनी आयुष्यात शेळी धरली नसावी असं मला वाटलं होतं, पण देवळ्याच्या वस्तीवर वाढलेला माणूस. मान न आवळता, कानामागे खाजवत आणायचे. एका बोकडाने त्यांच्या खिशातला रुमाल ओढून खाल्ला. ते म्हणाले, "खाऊ द्या, धुतलेला शे."

उन्हं वर आली तेव्हा भागीबाई आली. तिने त्यानंतर पुन्हा दोन पाटी, म्हणजे कोवळ्या शेळ्या, घेतल्या आहेत. गळ्यात घुंगरू बांधून आणल्या होत्या. मी तिच्या शेळीच्या मांडीवर कातडी चिमटीत धरली, सुई लावली, तेवढ्यात तिने शेळी धरून बसलेल्या बाळाजींना नीट न्याहाळलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं,

"हा तुझा दादला काय गं, डाक्तरीन?"

बायका खुदखुदल्या. मी तोंड उघडलं, नाही म्हणायलाच. पण बाळाजी आधी बोलले. शेळीकडे बघत, हळू आवाजात:

"अजून नाय, आजी."

अजून.

मी सुई टोचली. मात्रा बरोबर दिली. शेळी ओरडली. पुढची आली, तिलाही दिली. मग आणखी एक. हात आपलं काम करत होते आणि डोक्यात एकेक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसत होती: रविवारी या, बुधवारी या, मालकानं बघितलेलं बरं. स्वरदाचं हसणं. आणि जांभळी साडी. बाकीच्या साड्यांना इस्त्री होती. चांगली होती.

इतकी वर्षं न बोलणाऱ्या जनावरांचं दुखणं ओळखलं, आणि बोलणारा माणूस समोर बसून भाकरी देत होता तर मी चष्म्याचं सुचवणार होते!

शेवटची शेळी झाली तेव्हा पेटीतली लस संपत आली होती आणि झाडाखाली एकही शेळी टोचायची राहिली नव्हती. भागीबाईने दोन्ही पाटींना पाणी पाजलं आणि जाताना माझ्या गालावरून हात फिरवला. नुसता फिरवला आणि निघाली.

परतीचा घाट लागला. मग मीच म्हटलं. सरळ विचारायची सवय आहे, लक्षणं विचारते तशी.

"अजून म्हणजे काय?"

"दुसरा टाका, डॉक्टर. चढ आलाय."

मी दुसरा टाकला. टक्. "टाकला. आता सांगा."

ते समोरच्या रस्त्याकडे बघत होते. "अजून म्हणजे... माझं ठरलंय. तुमचं तुम्हाला इचारायचं होतं. जमलं नाय. म्हणून बुश बनवत बसलो."

"मी अठ्ठावन्नची आहे. कुणाबरोबर राहायची सवय नाही. घरात जनावरांच्या औषधांचा वास असतो."

"माझ्या घरात कूलंटचा."

मी हसले आणि ती हसण्याची उबळ थांबेना, म्हणून वळणाच्या पुढे, जागा बघून, जीप बाजूला घेतली. खाली दरीत पळसाची पानं चमकत होती. त्यांना वाटलं गाडीला काही झालं.

"बुश गरम झाला का?" घाबरून म्हणाले.

"नाही हो," मी म्हटलं. "माझंही ठरलंय."

२९ मे

दादाला फोन केला. सगळं एका दमात सांगितलं. मग, "आहेर म्हणजे...?"

"आहेर म्हणजे देवळ्याचे आहेर. टर्नर आहेत. भाकरी उत्तम करतात."

तो गप्प. मी फोन घट्ट धरून बसले होते. आजवर त्याच्या परवानगीने काही केलं नाही, पण त्याने नको म्हटलं असतं तर मला फार लागलं असतं, हे त्या गप्प बसण्यातच कळलं.

"मंजू," तो शेवटी म्हणाला, "मुहूर्त मी काढणार. दुसऱ्या कुणा गुरुजींना विचारलंस तर बघ." आणि पंचांग शोधायचंय म्हणून फोन ठेवला.

स्वरदा म्हणाली, तिला पावाच्या दिवशीच कळलं होतं.

४ जून

देवळ्याला जाऊन आलो. बाळाजींच्या आईंना भेटायला. वस्तीवर सगळीकडे कांद्याचा वास, चाळी भरलेल्या. मी नवी साडी नेसले होते. वाटेत तीनदा आरशात बघितलं. बाळाजींनीही कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि ते माझ्याहून जास्त घाबरलेले.

आई नव्वदीच्या आसपास, वाकलेल्या, पण आवाज खणखणीत. मी पाया पडले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मला वाटलं आता घराणं विचारतील, वय विचारतील.

"तू ढोरंसनी डाक्तर शे ना?"

"हो, आई."

"मंग चाल." आणि माझा हात धरून सरळ गोठ्यात.

म्हैस होती. आठवडाभर नीट खात नव्हती, आणि गाभण आहे की नाही यावरून घरात दोन तट पडलेले. मी पदर खोचला, बांगड्या काढून खिळ्याला अडकवल्या, हात धुतले, आणि नव्या साडीत, चिखलात उभी राहून तपासलं. आई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. हाताला ते लागलं. छोटं, गोल, जिवंत.

"गाभण आहे," मी म्हटलं. "चार महिन्यांची. पोटात जरा वायू धरलाय, त्याला औषध देते. बाकी छान आहे."

आईंनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि मग तीच थाप माझ्या पाठीवर. मग आम्ही दोघी तिथेच पेंडीच्या पोत्यावर बसलो. त्यांनी मला त्या म्हशीची आई, तिची आजी, कुठली कधी व्यायली, कुठलीने कुणाला शिंग मारलं ते सगळं सांगितलं. मला निम्म्याहून जास्त समजलं आणि बाकीचं मी विचारून घेतलं. माझ्या कोपरापर्यंत शेण होतं. त्यांनी आपल्या पदराने ते पुसायला घेतलं. मी नको नको म्हणत होते, त्या ऐकत नव्हत्या.

बाहेरून बाळाजींनी हाक मारली. चहा निवला होता. आई तेव्हा म्हशीच्या आजीवर आल्या होत्या. थोड्या वेळाने ते गोठ्याच्या दारात येऊन उभे राहिले, पांढऱ्या शर्टात, हातात दोन कप.

"आत यायचं का नाय?" त्यांनी विचारलं.

"ये," आई म्हणाल्या, "पन गप बस. आमनं बोलनं चालू शे."

ते आले आणि चारा बाजूला सारून आमच्या शेजारी जमिनीवरच बसले.